हे पत्र जपून ठेवावे

दवाखान्यात किश्श्यांना तोटा नसतो. ड्रेसिंग रूमचे वेगळे, प्रसूती वॉर्डाचे वेगळे. पण आमच्या सात नंबरच्या खोलीत गेल्या काही वर्षांत जेवढे साचले, तेवढे कुठेच साचले नसतील. लग्नकार्यात जेवणं आटोपली की चार जणी मला घेरतात, "वहिनी, दवाखान्यातलं सांगा ना एखादं!" मी सांगते. त्या पोट धरधरून हसतात. आणि मला त्यांचाही राग येतो. अगं, हसता काय! तुमच्याच फोनवर येतात ना हे मेसेज?

सात नंबर म्हणजे बायकांच्या तपासणीची खोली. दर मंगळवारी तिशीच्या पुढच्या बायकांची छाती आणि गर्भपिशवीचं तोंड तपासायचं. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याला पकडायचं, एवढंच काम. टेबलापाशी आमच्या डॉक्टर मॅडम, शेजारी मी, स्टाफ नर्स, आणि दाराशी हिराअक्का. हिराअक्का आमची आया. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलीत आणि अहिराणीशिवाय दुसरी भाषा तिला मंजूर नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. अवघड आहे ते बाईला टेबलापर्यंत आणणं, आणि ते काम मेसेजने करायचं असतं. मेसेज वरून येतात. वरून म्हणजे कुठून ते विचारू नका, माझी नोकरी बाकी आहे अजून.

एक नाव मात्र आत्ताच सांगून ठेवते. कौतिकबाई. नरडाण्याकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीच्या आतली, मुलगा-सून सुरतेला. मागच्या वर्षी श्रावण लागायच्या आधी ती तपासणीला आली. टेबलावर चढायच्या आधी बाहेर गेली आणि नळावर पाय धुवून आली. म्हणाली, "तुमनी चादर पांढरी शे ना, सिस्टर!"

तिचा नमुना जिल्ह्याला गेला. रिपोर्ट आला तो चांगला नव्हता. कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीची पायरी. पेशी बिघडायला लागल्या होत्या. पंधरा दिवसांत परत आली असती तर मॅडमनी त्याच टेबलावर काम करून तिला दुपारच्या एसटीने घरी पाठवली असती. म्हणजे तिला बोलवायचं, आणि तिने यायचं. बाकी काही नाही. ती आली का, ते सांगते, पण आधी आमचं बोलवणं कसं असतं ते ऐका.

*

हा एक मेसेज. मला पाठ झालाय.

"सर्व पात्र लाभार्थी महिलांना सूचित करण्यात येते की, असांसर्गिक आजार प्रतिबंध मोहिमेंतर्गत गर्भाशयमुख कर्करोग पूर्वनिदान चाचणीचा विहित कालावधीत लाभ घेऊन सहकार्य करावे."

पहिल्यांदा आला तेव्हा मी तो हिराअक्काला मोठ्याने वाचून दाखवला. ती फरशी पुसत होती. हात थांबवून तिने ऐकलं आणि म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचला.

"सिस्टर, यामा बाई कोठे शे?"

मी म्हटलं, "आहे की अक्का, सुरुवातीलाच. महिलांना असं लिहिलंय."

"ती नही वो! जिले भ्याव वाटस, जिले सासूले इचारनं पडस, ती बाई कोठे शे?"

आणि पुन्हा फरशी पुसायला लागली. मी फोन उलटसुलट करून पाहिला. खरंच नव्हती.

*

मग मी ठरवलं, आपणच लिहून द्यायचं. रविवारी घरी बसून चार ओळी लिहिल्या. "ताई, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधीच ओळखता येतो. तपासणी पाच मिनिटांची. बाईच तपासते. मंगळवारी सात नंबरच्या खोलीत या." शाळेतली पोरगीसुद्धा आजीला वाचून दाखवील, असं.

वरच्या साहेबांची मीटिंग होती. माझ्याबरोबर मॅडमही होत्या. साहेबांनी माझा कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "पिशवी? सरकारी मेसेजमध्ये पिशवी? भाषेला काही दर्जा असतो सिस्टर!"

मी म्हटलं, "सर, बायका हेच म्हणतात."

"बायका काहीही म्हणतील."

आता तापले मी! पण मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "सर, तुमच्या घरी याला काय म्हणतात?"

साहेब ताठ बसले. "आमच्या घरी असले विषयच निघत नाहीत!" हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, बरं का. आणि गावोगावच्या बायकांना काय सांगायचं ते ठरवणारे हे!

त्याच मीटिंगमध्ये मी दुसरा कागद पुढे केला होता. ज्या बाईच्या रिपोर्टमध्ये गडबड निघते तिला आम्ही छापील पत्र पाठवतो. त्याची पहिली ओळ ठळक, मोठ्या अक्षरात: "महत्त्वाचे. हे पत्र जपून ठेवावे." त्याखाली योजनेचं नाव, मग संदर्भ क्रमांक, मग कसले कसले आभार. आणि आठव्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात, पंधरा दिवसांत पुढील उपचारार्थ उपस्थित राहावे. मी म्हटलं, "सर, आठवी ओळ पहिली करा. नुसतं 'परत या' असं मोठं लिहा."

"लोक कागद हरवतात सिस्टर, मग त्रास आपल्याला होतो. आणि हा फॉरमॅट आहे."

फॉरमॅट आहे म्हटल्यावर संपलंच.

*

बाजाराच्या दिवशी रिक्षातून पुकारा करायचं ठरलं. आमच्या गावात पुकारा म्हणजे रफिकभाई. हरवलेल्या शेळीपासून सेलपर्यंत सगळं त्यांच्याच आवाजात. मजकूर अर्थात वरून आलेला.

पुढच्या मंगळवारी सात नंबरसमोर ही गर्दी! मी खूश. पहिली बाई म्हणाली गुडघे दुखतात. दुसरीला मोतीबिंदू. तिसरी नातवाला घेऊन आलेली, त्याला जंत झालेले. एकीलाही आमची तपासणी माहीत नव्हती.

मी चिडून रफिकभाईंना बोलावलं. "काय पुकारलंत तुम्ही?"

"सच बोलू सिस्टर? नुसतं 'बायकांची मोफत तपासणी' बोललो. ते मधले शब्द मला समजलेच नाहीत. एक-दोन समजले, ते भर बाजारात कसे बोलू? माझी अम्मी तिथेच भाजी घेऊन बसते."

मग तेच म्हणाले, "असं लिहून द्या ना, की मी अम्मीसमोर बोलू शकेन. मग कुणासमोरही बोलीन."

मी माझ्या चार ओळी त्यांना दिल्या. त्यांनी त्या आधी घरी अम्मीला म्हणून दाखवल्या आणि मग बाजारात. त्या मंगळवारी बायका आल्या त्या तपासणीलाच आल्या, आणि रांगेत सगळ्यात पुढे कोण होतं माहितीय? रफिकभाईंची अम्मी!

वरून विचारणा आली: मंजूर मजकुरात परस्पर बदल का केला, खुलासा करावा. खुलासा मीच लिहिला. दोन पानी. त्यांच्याच भाषेत लिहिला, म्हणजे कोणी वाचणार नाही. आणि खरंच कोणी वाचला नाही.

*

मे महिन्यातला हा प्रकार. खानदेशातला मे. सकाळी दहाला बाकाला हात लावला तर चटका बसतो. त्या वेळच्या मेसेजमध्ये नवीन वाक्य होतं, "तपासणीपूर्वी आवश्यक ती दक्षता घ्यावी."

कसली दक्षता? ते नाही लिहिलं. मग बायकांनी आपल्या परीने घेतली. दवाखान्यात जायचं म्हणजे उपाशी जायचं, एवढं प्रत्येकीला माहीत असतं, म्हणून निम्म्या रांगेने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. अकराच्या सुमारास एक बाई रांगेतच कोसळली. तिला सलाईन लावलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "आते तरी पानी पेऊ का?"

आणि खरी दक्षता काय होती? पाळी चालू असताना येऊ नका. इतकंच! पण 'पाळी' लिहायला वर कोणाची लेखणी धजत नाही. त्याच दिवशी एक बाई दोन एसट्या बदलून आली होती, मजुरी बुडवून, आणि तिचा पाळीचा दुसरा दिवस. तिला परत पाठवावं लागलं. ती दारातून वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हाई आधी सांगता नही उनं का वो तुमले?"

ती पुन्हा कधी आली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

*

आता फोनचं. चाळीसगावला माझं माहेर आहे, तिथल्या माझ्या भावजयीच्या हातात स्वतःचा मोबाईल असतो. खेड्यात तसं नाही. नाव बाईचं आणि नंबर नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर पुण्याला गेलेल्या मुलाचा. एका गल्लीतल्या यच्चयावत बायकांनी तर किराणा दुकानाचा नंबर दिला होता. का, तर शेठजींचा फोन कायम चालू असतो!

शेठजी मूळचे मारवाडचे. साठीचे गृहस्थ, एकदम सभ्य. एके दिवशी ते सात नंबरच्या दारात उभे. हिराअक्का आडवी आली, "आठे पुरुषले बंदी शे!"

"मावशी, ऐका तर! रोज पंधरा-वीस मेसेज येतात मला. प्रिय भगिनी, आपली स्तन तपासणी प्रलंबित आहे. प्रिय भगिनी, हा अंतिम इशारा समजावा. सिस्टर, माझीच तपासणी करून टाका एकदाची, मेसेज तरी थांबतील!"

त्या दिवशी मॅडमसुद्धा हसल्या. मग शेठजींनी हळूच विचारलं, हे नक्की आहे तरी काय. मॅडमनी त्यांना दोन मिनिटांत समजावलं. ते गंभीर झाले. घरी जाऊन भाभींना सांगितलं. आता भाभी गल्ल्यावर बसून साखर बांधता बांधता प्रत्येकीला म्हणतात, "मंगळवारी जाऊन ये, पाच मिनिटांचं काम आहे, मी करून आले." ती अख्खी गल्ली तपासून झाली.

एका दुकानदाराला जे दोन मिनिटांत जमलं, ते एवढ्या मोठ्या खात्याला जमत नाही. का जमत नाही? कारण कोणाला जमवायचंच नाहीये.

*

मधल्या काळात साहेबांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं. विषय काय, तर आमच्या भागात सर्व पत्रं लाभार्थींपर्यंत पोहोचली. त्याचं रजिस्टर असतं. त्यात एक रकाना आहे, 'पत्र पोहोचले काय?' तिथे 'होय' पडलं की त्या बाईचं नाव बाकी राहिलेल्यांच्या यादीतून निघून जातं. 'समजले काय?' असा रकाना नाही. 'आली काय?' असाही नाही.

मी मागच्या रांगेत बसून टाळ्या ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच नाव होतं, कौतिकबाई. ती आली नव्हती. पंधरा दिवस गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. रजिस्टरमध्ये मात्र 'होय'.

सुरतेच्या मुलाचा नंबर लावला, तो बंद. त्यांच्या गावच्या आशा कार्यकर्त्या विमलताईंना मी दोनदा विचारलं. "सिस्टर, पाकीट मी तिच्या हातात दिलं. श्रावणात, कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी, मुद्दाम तिच्या घरी जाऊन. परवा पुन्हा विचारलं, कागद आहे ना? तर म्हणाली, शे, एकदम चांगली जागावर शे."

"आत काय होतं, सांगितलंत का?"

"मला कुठे माहीत? पाकिटावर 'गोपनीय' लिहिलेलं होतं. ते चिकटवून येतं."

म्हणजे बघा! जी बाई तिला दारात बसून तिच्या भाषेत सांगू शकली असती, तिच्यापासूनच लपवलेलं. मी म्हटलं, तुम्ही तिला घेऊनच या. विमलताई हो म्हणाल्या आणि त्याच आठवड्यात त्यांना सर्व्हेला जुंपलं. मलाही दुसऱ्या मोहिमेवर टाकलं. मी स्वतः एसटीत बसून तिच्या गावाला जायला हवं होतं. मी गेले नाही. साहेबांवर ओरडताना हे मी विसरत नाही, कारण त्या पत्राच्या खाली सही माझी आहे.

*

यंदाच्या श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. आमच्याकडे कानबाईच्या रविवारी गावं भरून जातात. सुरत, पुणे, मुंबई, असतील तिथून माणसं येतात. घराघरांत पेटीतून कानबाईचं सामान निघतं, देवी म्हणून नारळ सजतो, रोटांचा नैवेद्य होतो, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. त्यानंतर ती पेटी बंद होते ती पुढच्या श्रावणापर्यंत.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी खोलीचं कुलूप काढायला आले तर बाकावर कौतिकबाई. शेजारी सुरतेची सून. बाई निम्मी झाली होती. तिला हिराअक्काने ओळखलं, मी नाही ओळखलं.

"कौतिका, वरीसभर कोठे व्हतीस वो?"

ती नुसती हसली. सुनेने पिशवीतून लाल फडकं काढलं, उलगडलं. आत आमचं पाकीट. कोपऱ्यावर कुंकू लागलेलं, कापराचा वास येणारं. पत्राला एक सुरकुती नव्हती. इतका जपलेला सरकारी कागद मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही.

सून म्हणाली, "रविवारी कानबाईची पेटी उघडली सिस्टर. नथ निघाली, साडी निघाली, तळाशी हे निघालं. मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं."

मी कौतिकबाईंजवळ बसले. "कौतिकबाई, यात काय लिहिलंय ते वाचलं नाही का?"

"वाचं ना! मोठं अक्षर वाचता येस मले, बारीक नही. मोठामा लिखेल व्हतं, जपीसन ठेवा. मना घरमा कानबाईनी पेटीथून चांगली जागा नही, सिस्टर. तिले वरीसभर कोनी हात लावस नही."

सांगताना तिचा चेहरा असा होता, की दिलेलं काम आपण चोख केलं.

ती बाहेर गेली, नळावर पाय धुवून आली आणि टेबलावर चढली. होळीपासून अंगावरून लाल जात होतं. तिला वाटलं, पाळी जायचं वय आहे, होतं असं. मॅडम तपासताना एरवी बायकांशी बोलतात, शेतीचं विचारतात, नातवंडांचं विचारतात. त्या दिवशी त्यांनी दिवा जवळ ओढला आणि पुन्हा एकदा तपासलं. तपासणी झाल्यावर बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. मग खुर्चीवर बसून त्यांनी धुळ्याच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली आणि सुनेला म्हणाल्या, "आजच न्या. घरी जाऊ नका, इथूनच जा." सुनेने मान हलवली. तिला कळलं होतं.

मी ती चिठ्ठी पाकिटात घातली. पाकिटावर काहीच लिहिलं नाही, चिकटवलंही नाही. कौतिकबाईंनी दोन्ही हातांनी ते घेतलं, कपाळाला लावलं आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"सिस्टर, हाऊ कागद बी जपीसन ठेवू का?"